पुस्तक चांगलं आहे, वाटण कमी पडतंय

पत्र:

काकूंना नमस्कार. मी कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राहते, वय ३१. अंडी-मटण मी लग्नाआधीच सोडलं होतं. आठ महिन्यांपूर्वी दूध, दही, तूपही सोडलं. आमच्या गोठ्यातलं रेडकू पावसाळ्यात दगावलं. दुसऱ्या दिवशी म्हैस धारेला उभी केली तेव्हा तिचं रेकणं ऐकलं, आणि तेव्हापासून दूध घशाखाली उतरत नाही. बहिणीनं मला परदेशात छापलेलं वीगन पाककृतींचं पुस्तक दिलंय. ते माझं फार आवडतं आहे, रात्री झोपताना वाचते. पण त्यातलं काही केलं की घरात चालत नाही. खरं सांगायचं तर मलाही चव लागत नाही. मामंजी म्हणतात, ‘ह्ये काय दवाखान्यातलं जेवाण.’ नवरा गप्प बसून खातो आणि मध्येच उठून लोणचं घेतो. सासूबाई काही बोलत नाहीत, पण दारात दोन दुभत्या म्हशी असताना सून दूध नको म्हणते हे त्यांना लागलंय. मला पुस्तक सोडायचं नाही आणि घरात दोन चुली मांडायच्या नाहीत. पांढऱ्या रश्शाची मात्र फार आठवण येते. काय करू?

उत्तर:

प्रिय लेकी,

तुझ्या पत्रात नवरा उठून लोणचं घेतो असं आहे ना, मी तिथंच थांबले. जेवता जेवता लोणचं मागणारा माणूस जेवणावर रुसलेला नसतो. त्याला ताटात आंबट, खारट आणि तेल कमी पडलेलं असतं, आणि ही तिन्ही एका फोडीत मिळतात म्हणून तो बरणीकडे जातो. तुझ्या स्वयंपाकाचं दुखणं त्यानं न बोलता दाखवून दिलंय.

तू तूप सोडलंस, दही सोडलंस. तुपाबरोबर ताटातला स्निग्धपणा गेला, दह्याबरोबर आंबटपणा गेला. त्यांच्या जागी तू काय घातलंस? पुस्तकात ‘एक चमचा तेल’ लिहिलं असेल तर तू एकच चमचा घातलास, असं मला पत्रावरून वाटतं. मसाल्याचा वास आणि रंग बराचसा तेलात उतरतो, पाण्यात फार थोडा. दोन चमचे कांदा-लसूण चटणी नुसत्या पाण्यात उकळ आणि तीच दोन चमचे कोमट तेलात सोडून बघ, लाल तवंग कुठं येतो ते लगेच दिसेल. तूप गेलं म्हणजे तेलाला थोडी जास्त जागा द्यायला हवी. घाण्याचं शेंगतेल आण. भाकरीवर शेंगदाण्याच्या चटणीत खड्डा करून त्यात कच्चं शेंगतेल घालायची आपल्याकडची रीत तुला माहीतच असेल. तिथं कुणालाही तुपाची आठवण होत नाही.

आता पुस्तकाविषयी. ते सोडू नकोस. जे पुस्तक माणूस रात्री अंथरुणात वाचतो ते त्याचंच असतं. पण ते ज्या स्वयंपाकघरासाठी लिहिलंय तिथली भांडी वेगळी, मिरची वेगळी, जीभही वेगळी. म्हणून प्रत्येक पदार्थापुढे पेन्सिलीनं लिहीत जा, की ही वस्तू इथं काय काम करते. ‘मेपल सिरप’ तिथं गोडी आणि जरा जळकट खमंगपणा देतं, ते काम आपली काकवी त्याहून झकास करते. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच उसाच्या रसाची काकवी तुझ्या दारात असताना डब्यातलं महागडं सिरप कशाला? अमेरिकन पुस्तकात ‘चिली पावडर’ असेल तर ती नुसती मिरचीपूड नसते, त्यात जिरं, लसूण, ओरेगॅनो मिसळलेलं असतं. त्या जागी तू आपली संकेश्वरी पूड घातलीस तर नुसता जाळ होणार आणि मसाल्याचा वास काही येणार नाही. तिथं आपली कांदा-लसूण चटणी घाल. ‘पॅप्रिका’ असेल तिथं ब्याडगी, रंगाला भरपूर आणि तिखटाला बेताची. पुस्तकातला कप २४० मिलिलिटरचा असतो आणि आपली आमटीची वाटी बहुतेक घरांत त्याहून लहान. एक कप डाळ म्हणजे एक वाटी डाळ समजून पाणी मात्र त्यांच्या मापानं घातलंस तर आमटी पांचट होणारच.

‘न्यूट्रिशनल यीस्ट’ नावाची ती पिवळी पूड तिथल्या पानापानावर असते, आणि इथं ती शोधण्यात लोक उगाच पैसे घालवतात. तिचं काम पदार्थाला जड, मुरलेली, जिभेवर रेंगाळणारी चव देणं. आपल्याकडे ते काम कारळे करतात. मंद आचेवर भाजलेले कारळे, भाजलेले तीळ, भाजलेलं सुकं खोबरं, चार लसूण पाकळ्या आणि मीठ कुटून डबा भरून ठेव. पुस्तकात जिथं ती पूड येईल तिथं हे घाल. चव तशीच होणार नाही. पण जेवणाऱ्याला ती ओळखीची लागेल, आणि मामंजींच्या बाबतीत मला तेच महत्त्वाचं वाटतं.

आता माझा अनुभव सांगते. माझ्या धाकट्याला लहानपणी दूध सोसायचं नाही. डॉक्टरांनी दुधाचं सगळंच बंद करायला सांगितलं. मी बारा वर्षं त्या पोरासाठी वेगळं पातेलं ठेवलं, आणि त्या बारा वर्षांत चूक ही केली, की त्याचं जेवण मी नेहमी कशाचं तरी कमी करून बनवलं. कढी, पण दह्याशिवाय. शिरा, पण तुपाशिवाय. पोरगं जेवायचं, पण ताटाकडे बघून मान खाली घालायचं. एकदा श्रावणात माझी आई राहायला आली होती. आखाड संपून मटण बंद झालेलं. तिनं नेहमीसारखा वांगं-पावट्याचा तांबडा रस्सा केला, आणि धाकट्यानं वाटी पुढं केली ती तीनदा. त्या रश्शात दुधाचा थेंब नव्हता, मटणाचा तुकडा नव्हता, आणि काही काढून टाकलंय असंही कुणाला वाटलं नाही. त्या दिवसापासून मी कढीच्या मागं लागणं सोडलं आणि जे मुळातच बिनदुधाचं होतं ते नीट करायला लागले. झुणका, खर्डा, अख्खा मसूर, भरली वांगी, मटकीचा कट, हुलग्याचे शेंगोळे, शेंगदाण्याची आमटी. ‘वीगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडात तयार झाला. आपली ही यादी त्याआधीची आहे, आणि तुझ्या सासूबाईंना ती सगळी तोंडपाठ असणार.

आईचा तो रस्सा कसा व्हायचा ते सांगते, कारण तुझी चव तिथंच अडकली आहे. दोन मोठे कांदे सालीसकट थेट गॅसच्या जाळावर ठेवायचे. वरची साल काळी कोळसा होईपर्यंत, आणि चिमट्यानं दाबलं की कांदा मऊ लागेपर्यंत. सुक्या खोबऱ्याचा अर्धा गोटा असाच जाळावर धरायचा, कडा पेटली की फुंकायची. मग तव्यावर धणे, तीळ, खसखस, दोन लवंगा, दालचिनीचं बोटभर कांडं आणि दगडफूल. दगडफूल विसरू नकोस. मटणाच्या रश्शाचा जो खोल, धुरकट वास तुझ्या आठवणीत आहे त्यातला बराच वास दगडफुलाचा असतो. कांद्याची काळी साल काढून सगळं बारीक वाटायचं, पाणी अगदी जेमतेम.

खरा धीर यापुढं लागतो. तेलात वाटण टाकलं की पहिली पाच मिनिटं ते नुसतं रटरटतं. तेव्हा त्यातलं पाणी आटत असतं, आणि पाणी आहे तोवर कढईतला ताप १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतो. त्या तापात वाटण शिजतं, पण परतलं जात नाही, खमंग होत नाही. तू बहुतेक इथंच पाणी ओततेस. थांब. आवाज बदलेल, रटरट जाऊन चुरचुर येईल, रंग विटकरीकडून तपकिरीकडे जाईल, मग कडेनं तेल सुटेल. मला दहा-बारा मिनिटं लागतात. त्यानंतर गॅस बंद करून दोन चमचे चटणी घालायची, लगेच पळीभर गरम पाणी, म्हणजे चटणी जळत नाही आणि तर्री लालभडक येते. मग गॅस लावून भाजी, पावटा, उरलेलं गरम पाणी. गार पाणी घातलंस तर तर्री बसते, म्हणून बाजूला आधण ठेवलेलं असू दे.

पुस्तकातल्या भाज्यांनाही हाच नियम लाव. ओव्हनमध्ये भाजायचा फ्लॉवर तू कढईत झाकण ठेवून केलास तर तो वाफेवर उकडला जातो. लोखंडी तव्यावर एका वेळी एकच थर पसर, झाकण नको, आणि खालची बाजू तपकिरी होईस्तोवर हलवू नकोस. टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, मिळाला तर आधी फडक्यात गुंडाळून वर वरवंटा ठेवून अर्धा तास पाणी काढ, मग मीठ, लिंबू, चटणी लाव.

आता पांढरा रस्सा. मी स्वतः तो अनेकदा केलाय, दोनदा बिघडवलाय. तेव्हा नीट वाच.

त्याचा पांढरेपणा नारळाच्या दुधाचा, काजू-खसखशीचा असतो हे तुला ठाऊक आहे. तिथं गाई-म्हशीचं दूध मुळातच नसतं. अडचण फक्त अळणीची, म्हणजे मटण शिजवलेल्या त्या पाण्याची. ते पाणी जिभेला जरा चिकटतं, भरीव लागतं. नुसतं भाज्यांचं पाणी तसं लागत नाही. मला त्याच्या सगळ्यात जवळ जाणारं सापडलं ते काबुली चण्यांचं पाणी. रात्री एक वाटी चणे भिजत घाल. सकाळी कुकरमध्ये चणे, पाच वाट्या पाणी, एका कांद्याच्या चार फोडी, लसणाचा अख्खा गड्डा, अंगठ्याएवढं आलं ठेचून, फ्लॉवरचे दांडे, मिळाले तर चार-पाच मशरूम आणि मीठ. हळद नको. एक शिट्टी झाली की आच बारीक करून पंचवीस मिनिटं ठेव. गाळून घे. साधारण तीन वाट्या पाणी मिळेल. चणे फेकू नकोस, संध्याकाळी उसळीला होतात.

दोन चमचे खसखस, दहा काजू, एक चमचा पांढरे तीळ, एक चमचा मगजबी गरम पाण्यात अर्धा तास भिजवून गंधासारखं वाट. बोटात चोळून बघ, खर लागली तर पुन्हा फिरव. एका मोठ्या नारळाचं पहिलं घट्ट दूध वाटीभर आणि दुसरं पातळ दीड वाटी काढून वेगवेगळं ठेव.

पातेल्यात दोन चमचे तेल, त्यात तमालपत्र, दालचिनी, चार लवंगा, तीन हिरव्या वेलच्या, थोडी मिरी. वर आलं-लसूण आणि तीन हिरव्या मिरच्यांचं वाटण. इथं तांबड्याच्या उलट करायचं, काहीही लाल होऊ द्यायचं नाही. मग खसखशीचं वाटण, बारीक आच, सतत ढवळायचं, कारण काजू तळाला धरतो आणि एकदा करपला की सगळा रस्सा करपट लागतो. मी पहिल्यांदा तिथंच फसले. कडेला तेल दिसलं की चण्याचं पाणी घालून चांगली उकळी काढ. नंतर आच कमी करून पातळ दूध, पाच मिनिटं. शेवटी गॅस अगदी मंद करून घट्ट दूध घाल, ढवळ, कडेला बुडबुडा दिसायच्या आत बंद कर. दुसऱ्यांदा मी इथं फसले, पाहुणे आले म्हणून पातेलं पुन्हा उकळलं आणि दूध फुटलं. मीठ या वेळी चाखून घाल, नारळाची गोडी मीठ खाऊन टाकते. आणि वाट्यांत गरम गरम वाढ. भातावर घ्यायचा तेव्हा घ्या, पण पहिली वाटी प्यायचीच.

मटणाचाच रस्सा आहे असं सांगून कुणाला पाजू नकोस. बऱ्याच जणी तसं करतात, नंतर हसून सांगतात, आणि त्या घरात पुढचे सहा महिने प्रत्येक वाटीकडे संशयानं बघितलं जातं. चण्याचा आहे असं आधीच सांग.

दह्याचं थोडक्यात. वाटीभर शेंगदाणे रात्रभर भिजवून सालं काढ, तीन वाट्या पाण्यात वाटून गाळ, दहा मिनिटं ढवळत उकळ. कोमट झालं की त्यात हिरव्या मिरच्यांचे सहा-सात देठ टाकून उबेला ठेव. देठांवर दही लावणारे जंतू असतात. दहा-बारा तासांत लागतं, थंडीत जास्त वेळ. कोशिंबिरीला उत्तम. कढीला मी ते वापरत नाही, शेंगदाण्याचा वास पुढं येतो. त्यापेक्षा सोलकढी कर. पुरणपोळीवर तूप नको असेल तर वाटीत गूळ-वेलची घातलेलं नारळाचं दूध घे, सोबत कटाची आमटी. त्या ताटात उणं काढायला जागा नाही.

आता सासूबाई. लेकी, हा भाग मला पाककृतीपेक्षा अवघड वाटतो. ज्या बाईनं पहाटे उठून शेण काढलं, वैरण टाकली, संस्थेत दूध घातलं आणि त्या बिलावर घर चालवलं, तिला सुनेचं ‘दूध नको’ हे ‘तुमचं आयुष्य नको’ असं ऐकू येतं. तू तसं म्हटलेलं नाहीस. पण तू त्यांच्याशी त्या रेडकाविषयी कधी बोललीस का? पत्रात तसं दिसत नाही. एखाद्या संध्याकाळी गोठ्यात त्यांच्या शेजारी उभी राहून सांग, की त्या दिवशीचं रेकणं माझ्या कानातून जात नाही. एवढंच. दूध काढणं वाईट आहे, डेअरी वाईट आहे, हे काही बोलू नकोस. तुझ्यापेक्षा जास्त रेडकं त्यांनी गेलेली पाहिली आहेत, आणि त्यांना काय वाटलं हे त्यांना कधी कुणी विचारलंच नसेल.

आणि वाटणासाठी त्यांच्याकडे जा. पुस्तक हातात घेऊन जाऊ नकोस, कांदा भाजायला ठेवून हाक मार आणि विचार, आत्याबाई, एवढा काळा पुरे का? तुमच्या घरात जी हाक असेल ती. दोन चुलींचा प्रश्नही यातूनच सुटतो. आमटी, भाजी, रस्सा सगळ्यांना एकच, बिनदुधाचा. तुपाची वाटी आणि दह्याचा सट मध्ये ठेवायचा, ज्याला हवं त्यानं घ्यायचं. त्यांचं कढवलेलं तूप ताटातून उठवायचा हट्ट धरू नकोस. पुस्तकातलं आठवड्यातून एकदा, रविवारी कर. लक्ष्मीपुरीच्या बाजाराचा दिवस असतो, भाजी ताजी मिळते. बाकी सहा दिवस त्यांच्या हाताखाली शिक.

एक गोष्ट मात्र मी तुला विनंती म्हणून सांगत नाही, बजावून सांगते. बी-१२ हे जीवनसत्त्व तुझ्या आताच्या जेवणात भरवशाचं कुठंच नाही. डाळीत नाही, पालेभाजीत नाही, शेंगदाण्याच्या दह्यात नाही. ते कमी पडलं की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, आणि दुर्लक्ष केलं तर नसांना इजा होते. आठ महिने झालेत, या महिन्यातच रक्त तपासून घे आणि डॉक्टर सांगतील त्या मात्रेत गोळी सुरू कर. बाळाचा विचार असेल तर हे आणखी आधी कर, आणि डॉक्टरांना दूध सोडल्याचं स्पष्ट सांग. कॅल्शियमचं इतकं अवघड नाही. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, म्हशीच्या दुधात १२० च्या आसपास. दुधातलं अंगी जास्त लागतं हे खरं, म्हणून नाचणीची भाकरी आठवड्यातून चार वेळा तरी होऊ दे आणि तिळाची चटणी रोज. डाळी-उसळी तुझ्या घरात आहेतच.

पहिला पांढरा रस्सा करशील तेव्हा नारळ दोन आण, एखादा खवट निघतो. आणि मला कळव. फुटला तरी कळव, फक्त पातळ दूध घातल्यावर फुटला की घट्ट घातल्यावर, तेवढं लिही.

तुझी,
काकू